उघराणीचं पत्र कुठं अडलं?

"काम यशस्वी. पाठवलेले मेल : ०."

सुरतेच्या रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटातल्या गाळ्यात, मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात, संगणकाच्या पडद्यावर ही ओळ हिरव्या अक्षरांत चमकत होती. शेठ तिच्याकडे बघत होते, मी बघत होतो, आणि गादीवर बसलेले मेहताजी आमच्या दोघांकडे बघत होते. शेठ म्हणाले, "भाऊ, तीन दिवस झाले, मेल जातच नाही." सुरतेत मराठी माणसाला सगळे भाऊच म्हणतात. मी नंदुरबारचा. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत माझ्यासारखी खानदेशातून आलेली इतकी घरं आहेत की तिथल्या भाजीबाजारात अहिराणीत भाव करता येतो.

घाईचं कारण होतं. शेठचे पांडेसऱ्यात माग, मार्केटात गाळा, आणि उधारी निम्म्या महाराष्ट्रात पसरलेली. त्यात आयकराचं कलम ४३ बी (एच) नव्याने लागू झालं होतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत पैसे चुकते करायचे. नाहीतर त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. म्हणजे ३१ मार्चच्या आत उघराणी करणाऱ्याचं पारडं कधी नव्हे इतकं जड होतं. उघराणीची पत्रं पाठवणारी वेबवरची यंत्रणा आमच्याच चार माणसांच्या ऑफिसने बांधलेली होती, आणि ती नेमकी तेव्हाच गप्प बसली होती.

मी दोन दिवस मेलच्या मागे लागलो. पासवर्ड तपासला, ५८७ क्रमांकाचं पोर्ट उघडं आहे का पाहिलं, होस्टिंगवाल्याशी भांडलो. सगळं व्यवस्थित होतं. तिसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसातला सर्वांत धाकटा, लिंबायतचा पोरगा, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेला, म्हणाला, "दादा, मेल गेला नाही असं तो कुठे म्हणतोय? पाठवायला कुणी नव्हतंच, असं म्हणतोय."

शून्य तीन दिवस आमच्या डोळ्यांसमोर होतं. पण शेठ "मेल जात नाही" म्हणाले आणि मी तो शब्द लक्षण न मानता निदान मानला. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या रुग्णाने "ॲपेंडिक्स आहे" म्हणावं आणि डॉक्टरने थेट सुरी उचलावी, तसं.

थकीत बिलं कुठली, हे ठरवणारी क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) अशी होती, मराठीत सांगायचं तर: ज्या बिलांचा क्रमांक जमेच्या यादीत नाही, ती बिलं दे. वाचताना यात काही खोट दिसत नाही. या यंत्रणेने वर्षभर चोख काम केलं होतं. मग एके दिवशी बँकेत एनईएफटीने एक रक्कम आली. कुणाची, कुठल्या बिलापोटी, काही कळेना. मेहताजींनी शिस्तीप्रमाणे ती सस्पेन्स खात्याला टाकली आणि बिल क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवला. त्या दिवसापासून उघराणी बंद.

डेटाबेसमध्ये रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे आणि कोरी जागाही नव्हे. त्याला 'नल' म्हणतात आणि त्याचा अर्थ 'माहीत नाही' असा. आता डेटाबेसच्या जागी एखादा अतिसावध कारकून बसवून बघा. तुम्ही विचारता, "४१२ नंबरचं बिल जमेच्या यादीत नाही ना?" तो यादीवर बोट फिरवतो. ४०१ आहे, ४०७ आहे, ४१० आहे, आणि हे एक आहे ज्याचा नंबर माहीत नाही. ते ४१२ च असलं तर? म्हणून तो म्हणतो, "सांगता येत नाही." तुम्ही ४१३ बद्दल विचारता. पुन्हा "सांगता येत नाही." आणि नियम असा की ज्याचं उत्तर निःसंशय 'हो' आहे तेवढंच यादीत घ्यायचं. परिणाम, यादी रिकामी. एका निनावी जमेने शेठच्या सगळ्या थकबाकीदारांना संशयाचा फायदा दिला.

दुरुस्ती एका ओळीची होती. 'या यादीत नाही' असं न विचारता 'या बिलाच्या नावे जमेची एकही नोंद अस्तित्वात नाही' असं विचारायचं. डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, म्हणजे एसक्यूएलमध्ये, 'नॉट इन' च्या जागी 'नॉट एक्झिस्ट्स'. मराठीत दोन्हींचा अर्थ सारखाच वाटतो. डेटाबेसला वाटत नाही.

ही भाषा अशी का वागते, हे तिच्या जन्मात आहे. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्त्यांमधल्या नात्यांवरून काढायची, ही कल्पना मांडली. तिच्या आधारावर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये 'सीक्वेल' नावाची भाषा मांडली. ते नाव एका ब्रिटिश कंपनीच्या मालकीचं निघालं म्हणून पुढे ते एसक्यूएल झालं. या भाषेत काय हवं ते सांगायचं, कसं शोधायचं ते नाही. सोय मोठी आहे. पण जिथे तुम्ही विचारलेलं आणि तुमच्या मनातलं यांत फरक पडतो, तिथे ही भाषा विचारलेल्याचं उत्तर देते, तेही विनातक्रार. जुना मेहताजी "शेठ, तुम्हाला असं म्हणायचंय का?" असं विचारतो. डेटाबेसला ती जीभ नाही.

दुरुस्तीच्या दुसऱ्या दिवशी मेल सुरू झाले, आणि मालेगावच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. आवाज चढलेला. एकाच बिलाची तीन पत्रं आली होती, आणि प्रत्येकात थकबाकी तिप्पट लिहिलेली. चाळीस हजारांच्या जागी एक लाख वीस हजार.

हा प्रताप आमचाच. शेठना पत्रात ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा नंबर हवा होता, म्हणून पोराने बिलांच्या तक्त्याला पार्सलांचा तक्ता जोडला. या जोडण्याला 'जॉइन' म्हणतात. एका बिलाचा माल तीन पार्सलांतून गेला असेल तर जोडल्यावर ते बिल तीन ओळींत दिसतं, प्रत्येक ओळीत बिलाची पूर्ण रक्कम. बेरीज मारली की तिप्पट. मेल ओळीगणिक जात होते, म्हणून पत्रंही तीन.

इथे नवखा प्रोग्रामर हमखास एक मलम लावतो, त्याचं नाव 'डिस्टिंक्ट': सारख्या ओळी एकदाच दाखव. आमच्या पोरानेही लावलं. मी काढायला लावलं, कारण व्यापारी, तारीख आणि रक्कम एवढंच निवडून त्यावर डिस्टिंक्ट लावलं तर एकाच दिवशी एकाच पार्टीला गेलेली सारख्या रकमेची दोन खरी बिलं एक होऊन जातात. आधी तिप्पट मागत होता, आता निम्मं मागाल. पहिल्या चुकीवर निदान गिऱ्हाईक ओरडतं. दुसरीवर ते गप्प बसतं. खरा उपाय म्हणजे आधी पार्सलांच्या बिल्ट्या बिलावार एका ओळीत गोळा करायच्या आणि मग त्या बिलाला जोडायच्या.

अशा चुका शोधायची माझी रीत फार हुशारीची नाही. प्रोग्राम जी क्वेरी बनवतो ती, त्यात भरलेल्या किमतींसकट, कागदावर उतरवून घ्यायची. प्रोग्रामात जी लिहिली आहे ती नव्हे, प्रत्यक्ष डेटाबेसकडे गेली ती. मग तिचे तुकडे करायचे. नुसती बिलं किती? पार्सल जोडल्यावर किती? अट लावल्यावर किती? ज्या पायरीवर आकडा अचानक फुगतो किंवा कोसळतो, तिथे खोट. आणि एक पार्टी अशी निवडायची जिची बाकी मेहताजींना तोंडपाठ आहे. पडद्यावरचा आकडा आणि त्यांचा आकडा जुळला नाही तर मी बहुधा मेहताजींवर विश्वास ठेवतो.

त्यांनीच एकदा मार्चच्या विक्रीच्या बेरजेत खोड काढली. "भाऊ, एकतीस तारखेचा धंदा कुठे गेला?" क्वेरीत १ मार्च 'ते' ३१ मार्च असं लिहिलं होतं. पण नोंदीत तारखेबरोबर वेळही असते, आणि वेळ न देता ३१ मार्च म्हटलं की डेटाबेस त्या दिवसाची मध्यरात्र धरतो, म्हणजे ३१ तारीख उजाडण्यापूर्वीच हिशेब बंद. वर्षातला सर्वांत घाईचा दिवस वहीबाहेर. तेव्हापासून मी '१ मार्चपासून, १ एप्रिलच्या आधीपर्यंत' असंच लिहितो. याचा भाऊबंद म्हणजे साडेपाच तासांचा घोळ. सर्व्हर बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणून रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात नोंदलेली ऑर्डर त्याच्या हिशेबी आदल्या दिवसाची. दिवसा चालणाऱ्या दुकानाला फरक पडत नाही. लग्नसराईत रात्री एक वाजता मोबाइलवरून ऑर्डर टाकणाऱ्या व्यापाऱ्याला पडतो.

हळू चालणाऱ्या क्वेरीबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण जुनी वही ज्याने पाहिली त्याला ते सांगावं लागत नाही. कीर्द तारीखवार असते, खतावणी नाववार, आणि खतावणीत कीर्दीचं पान लिहिलेलं असतं. डेटाबेसचा 'इंडेक्स' म्हणजे खतावणी. ती नसेल तर एका पार्टीसाठी सगळी कीर्द पहिल्या पानापासून चाळावी लागते. 'एक्सप्लेन' हा शब्द क्वेरीच्या आधी लावला की डेटाबेस खतावणी वापरणार की कीर्द चाळणार ते सांगतो. मात्र नावाच्या शेवटी 'लाल' आहे अशी सगळी माणसं शोधा म्हटलं तर खतावणी असूनही तिचा उपयोग नाही. ती पहिल्या अक्षरावरून लावलेली असते.

एक खोड मात्र खास आपली, मराठीची, आणि तिने मला आठवडाभर छळलं. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्यांची यादी मागितली की निम्मे यायचे. गावाचं नाव पडद्यावर सगळीकडे सारखंच दिसत होतं, अगदी भिंग लावून पाहिलं तरी. पण 'ऱ्ह' हे जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एका पद्धतीत 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि 'ह'. दुसऱ्या पद्धतीत साधा 'र', हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह, मग 'ह'. दिसायला जुळी भावंडं. साठवताना मात्र यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि ते अदृश्य चिन्हही तीन, म्हणून पहिला 'ऱ्ह' नऊ बाइटांचा, दुसरा बारा. तुलना बाइटवार असेल तर ही दोन वेगळी गावं. कऱ्हाड, कुऱ्हाडे, गोऱ्हे, सगळ्यांना ही बाधा आहे. नाव साठवण्यापूर्वीच एका रूपात आणायचं, हा त्यावरचा उतारा. आणि ज्यांच्याकडे मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात त्यांनी तक्त्याची लिपी-मांडणी बघावी. लॅटिन अक्षरांपुरत्या बनवलेल्या रकान्यात देवनागरी कोंबली की ती प्रश्नचिन्हं होते, आणि एकदा झाली की परत येत नाही.

आता मेलकडे. बऱ्हाणपूरच्या वाटेनेच जाऊ.

मराठी वाचकाला सुरत म्हटलं की १६६४ आठवतं. शिवाजी महाराज सुरतेवर का गेले, तर पैसा तिथे होता म्हणून. पण त्या पैशातला बराचसा भाग चालत होता तो कागदावर, हुंडीवर. सुरतेहून बऱ्हाणपूर आणि तिथून आग्रा या वाटेवर इंग्रज वखारवालेसुद्धा पैसे हुंडीनेच फिरवत. हुंडी वाटेत गहाळ झाली तर? सराफांची पद्धत अशी की त्याच हुंडीची दुसरी प्रत द्यायची, तिला 'पेठ' म्हणत. तीही हरवली तर तिसरी, 'परपेठ'. प्रत्येक प्रतीवर मूळ हुंडीचा उल्लेख. चुकती झालेली हुंडी म्हणजे 'खोखा'. मूळ हुंडी, पेठ आणि परपेठ तिन्ही पुढ्यात आल्या तरी सराफ पैसे एकदाच देणार, कारण तिन्ही एकाच देण्याच्या छाया आहेत हे कागदच सांगतो.

वेबवर मेल पाठवणाऱ्या प्रोग्रामांपैकी निम्म्यांना हे शहाणपण नसतं. शेठ 'पाठवा' बटण दाबतात, पान अडकतं, कारण मागे एकेक मेल जातोय. दोन मिनिटं वाट बघून ते पुन्हा दाबतात. सगळी पत्रं पुन्हा जातात. बटण दाबणारा मनुष्यच असतो असंही नाही. दोन मेल सर्व्हरांच्या संवादातही हेच घडतं, आणि क्रेग पार्ट्रिज यांनी १९८८ मध्येच त्यावर एक टिपण लिहून ठेवलं आहे: घेणाऱ्याने पत्र घेतलं, पण 'घेतलं' म्हणायला उशीर केला, देणाऱ्याचा धीर सुटला आणि त्याने तेच पत्र पुन्हा दिलं.

तो संवाद वाचण्यासारखा असतो. एसएमटीपी नावाचा हा शिष्टाचार जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढला आणि मूळ चाल अजून तीच आहे. देणारा म्हणतो, नमस्कार, मी अमुक. घेणारा म्हणतो, २५०. पत्र या पत्त्यावरून. २५०. या पत्त्यासाठी. २५०. मजकूर देऊ? ३५४, द्या, आणि संपल्यावर एका ओळीत नुसतं टिंब द्या. टिंब. २५०, घेतलं.

हा शेवटचा २५० म्हणजे पावती, पण कशाची? या हाताने पत्र स्वीकारलं, इथून पुढे जबाबदारी याची, एवढ्याचीच. व्यापाऱ्याने वाचलं, इनबॉक्समध्ये पडलं, स्पॅमच्या पेटीत गेलं नाही, यातलं काही तो आकडा सांगत नाही. व्यापाऱ्यांची पाकिटं पोचवणाऱ्या आंगडियाच्या गादीवर पाकीट दिलं की चिठ्ठी मिळते. ती चिठ्ठी म्हणजे मुंबईच्या हातात पाकीट नव्हे. आमचा प्रोग्राम तर त्याच्याही एक पायरी अलीकडे थांबत होता. पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं मेल पाठवणारं साधं फंक्शन 'हो' म्हणतं तेव्हा त्याने पत्र स्वतःच्याच सर्व्हरवरच्या टपाल्याच्या हातात दिलेलं असतं, बस्स. आम्ही तेवढ्यावर 'काम यशस्वी' छापत होतो. त्या हिरव्या अक्षरांची मला आजही लाज वाटते.

पुढे आकड्यांची भाषा सोपी आहे. चारने सुरू होणारा आकडा म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या', आणि शहाणा सर्व्हर तासतासाने, चार-पाच दिवस येत राहतो. काही ठिकाणी अनोळखी पाहुण्याला पहिल्यांदा मुद्दाम परत पाठवतात. खरा टपाल्या पुन्हा येतो, स्पॅमवाला येत नाही. पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे 'पुन्हा येऊ नका'. आमच्या टपाल्याच्या रोजनाम्यात, म्हणजे लॉगमध्ये, जीमेलचे पत्ते ५५० ने भरले होते. आणि नकाराची परतपत्रं? ती लिफाफ्यावरच्या पत्त्यावर जातात, पत्राच्या मथळ्यात 'प्रेषक' म्हणून दिसणाऱ्या पत्त्यावर नव्हे. आम्ही लिफाफ्यावर काही लिहिलंच नव्हतं, म्हणून सर्व्हरने स्वतःचं एक अंतर्गत नाव घातलं होतं. वर्षभराची परतपत्रं त्या नावाच्या पेटीत धूळ खात पडली होती. शेठनी ती पाहिली आणि फक्त "अरे राम" म्हणाले.

नकाराचं कारण पुन्हा हुंडीच्या भाषेत सांगता येतं. 'शहाजोग' हुंडी कुणाही आणणाऱ्याला चुकती होत नसे. आणणारा बाजारात पत असलेला शहा आहे याची खात्री पटली तरच पैसे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मेलला शहाजोग केलं. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक, पण आमच्यासारख्या तीनशेवाल्यालाही पत सांगणारा किमान एक दाखला बंधनकारक. एसपीएफ म्हणजे 'आमच्या नावाने पत्र कुणाकुणाच्या हातून येऊ शकतं' याची आपल्या डोमेनवर टांगलेली जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहोर; वाटेत मजकूर बदलला की फुटते. डीमार्क म्हणजे हे दाखले मथळ्यातल्या प्रेषकाच्या नावाशी जुळतात का ते पाहून, जुळले नाहीत तर पत्राचं काय करावं, ही नावाच्या मालकाने दिलेली सूचना.

शेठच्या डोमेनवर एसपीएफची यादी होती, पण तिच्यात मेलवाल्या कंपनीचंच नाव. आमच्या वेब सर्व्हरचं नव्हतं. आधीच्या कुणीतरी ते लक्षात आल्यावर दुसरी वेगळी यादी जोडून ठेवली होती. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणारा गोंधळून दोन्ही बाद धरतो. दोन याद्यांची एक केली, मोहोर बसवली, आणि जीमेलचं दार उघडलं.

त्याच वेबसाइटवर 'चौकशी करा' असा एक फॉर्म होता, आणि त्याचे मेलही येत नव्हते. तिथला प्रोग्राम चौकशी करणाऱ्याचाच पत्ता प्रेषक म्हणून घालत होता. म्हणजे आमचा सर्व्हर जगाला सांगत होता की मी जीमेल आहे, याहू आहे. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपल्या नावाचं असं तोतया पत्र नाकारायला जगाला सांगितलं होतं. प्रेषक आपणच राहायचं, आणि चौकशी करणाऱ्याचा पत्ता 'उत्तर इथे द्या' या ओळीत घालायचा.

त्याच फॉर्मने आणखी एक दोष दाखवला. दुकानाच्या नावात इंग्रजी षष्ठीचं ते वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह आलं, 'पटेल्स', 'मेन्स वेअर' असं काही, की पान फुटायचं. कारण क्वेरीत मजकूर त्याच चिन्हात बांधला जातो. नावातल्या चिन्हाने गाठ आधीच सुटली आणि उरलेलं नाव डेटाबेसने हुकूम म्हणून वाचलं. आज बिचाऱ्या पटेलांचं नाव आहे, उद्या कुणी मुद्दाम खरा हुकूम लिहील. १९९८ पासून ही युक्ती जाहीर आहे. मेलमध्येही तसंच: विषयाच्या रकान्यात कुणी चोरून नवी ओळ घातली आणि आपण ती न गाळता मथळ्यात चिकटवली, तर तो आपल्या सर्व्हरवरून हजार जणांना पत्रं धाडू शकतो. दोन्हीकडे गिऱ्हाइकाचा मजकूर आणि मालकाचा हुकूम एकाच पिशवीत भरलेला असतो. क्वेरीचा साचा वेगळा पाठवा, किमती वेगळ्या. मेल हाताने शिवू नका, नाणावलेली लायब्ररी वापरा. यावर मला तडजोड मान्य नाही.

शेवटी आम्ही पेठ-परपेठेची रीत बसवली. सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही असते, तसा डेटाबेसमध्ये 'जावक' नावाचा तक्ता केला. बिल नोंदताना त्याच व्यवहारात जावकमध्ये ओळ पडते: कुणाला, कुठल्या बिलाचं, कितवं स्मरणपत्र. त्या तिन्हींचा संयोग एकमेव, डेटाबेस दुसरी ओळ घेतच नाही. बिल नोंदताना मध्येच काही बिनसलं तर दोन्ही रद्द; पूर्वी बिल रद्द व्हायचं आणि पत्र गेलेलं असायचं. मेल पाठवणारा वेगळाच प्रोग्राम, दर मिनिटाला उठून जावक बघतो, पत्र देतो, समोरच्याचा आकडा आणि वेळ त्याच ओळीत लिहितो. २५० आला की खोखा. चारचा आला की नंतर. पाचचा आला की मेहताजींच्या यादीत. शेठनी बटण दहादा दाबलं तरी फरक पडत नाही, आणि ते दाबतात. पावतीच वाटेत हरवली तर एखादं पत्र आजही दुबार जाऊ शकतं. ते पूर्णपणे टाळणं कुणालाच जमलेलं नाही. म्हणून प्रत्येक पत्रात बिलाचा नंबर ठळक असतो. दुसरं पत्र आलं तरी वाचणाऱ्याला ती पेठ आहे हे कळतं.

'काम यशस्वी' ही ओळ काढून टाकली. तिच्या जागी आता तीन आकडे येतात: जायला हवी होती किती, दिली किती, समोरच्याने घेतली किती. पहिला आकडा मेहताजी आपल्या वहीशी ताडून बघतात, पेन्सिलने टिंब करतात आणि मगच गादीवरून उठतात.

२९ मार्चच्या संध्याकाळी ते आकडे होते ३१२, ३१२ आणि ३०९. उरलेल्या तिघांपैकी दोघांचे पत्ते टाइप करताना चुकले होते. तिसऱ्याने दुकान बंद केलं होतं. त्याला मेहताजींनी फोन केला.